सगळ्या बंदच ना?

मुकुंदवाडी,
शनिवार, दुपार

प्रिय संस्कृती,

‘आदरणीय मॅडम’ लिहिणार होतो. मग वाटलं, ते वाचून तुला बरं वाटेल, आणि तुला बरं वाटावं असं एक अक्षरही आज माझ्या हातून जायला नको. म्हणून प्रियच. शिवाय ते खरंही आहे, आणि ते खरं आहे याचाच मला जास्त राग येतो.

परवा सोमवार. सकाळी तू ऑफिसातल्या मोठ्या खोलीत उभी राहशील. मागं पडद्यावर नकाशा, समोर मस्कतहून आलेले साहेब लोक, कोपऱ्यात आपले बॉस जुनेद सर रुमालानं मान पुसत. तू तो बाटलीच्या रंगाचा हिरवा कुर्ता घालशील. केस मागं बांधशील, कारण मोकळे असले की बोलताना तू ते सारखे कानामागं सारतेस आणि ते ‘प्रोफेशनल’ दिसत नाही असं तुझं म्हणणं. सुरुवातीला तुझा आवाज चढेल, मग जागेवर येईल. एवढं मला न बघताही दिसतंय. नकाशा त्यांच्या मनात भरला की इथलं एक माणूस मस्कतच्या ऑफिसात जाणार, आणि ते माणूस तू असणार, हे जुनेद सरांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवलंय. म्हणजे परवा जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठरून जाईल की तू माझ्या डोळ्यांसमोर राहतेस का समुद्रापलीकडं जातेस. माझ्या डोक्यात दुसरं काहीच नाही. सकाळपासून चहावर आहे. खोलीतली पोरं गावाला गेलीत, खाली गाडीवाला भजे तळतोय, वास वर येतोय आणि मला तोही नको झालाय.

आपण एका वर्गात होतो हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही. तू कळू दिलं नाहीस आणि तू नको म्हणालीस म्हणून मीही तोंड उघडलं नाही. तू माझ्याशी पहिल्यांदा बोललीस ती माझ्या नावावरून, हे तरी आठवतं का? हजेरी झाली आणि तू मागं वळून म्हणालीस, सांडू म्हणजे काय रे, हे काय नाव झालं? सगळा बाक हसला. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तो बाक मी उलटा केला असता. तुला मात्र मी शहाण्यासारखं सांगितलं की माझ्याआधीची आईची लेकरं जगली नाहीत, म्हणून गावातल्या बाया म्हणाल्या, ह्याला सांडलेला म्हणा, म्हणजे देवाची नजर ह्याच्यावर जायची नाही. तू म्हणालीस, बरं मग, मी उचलला तुला. असलं काही माणसाला बोलू नये, संस्कृती. पिशोरहून एसटीत उभ्यानं येणाऱ्या पोराला तर मुळीच बोलू नये. तू बोललीस आणि वहीत डोकं घातलंस. मी त्याच्यावर अजून जगतोय.

मग कँटीनचं झालं. वैजापूरचा तो पोरगा तुझ्याबद्दल जे बोलला ते मी आजसुद्धा लिहिणार नाही. मी त्याला धरून हाणला, त्याचं नाक फुटलं, माझा हात सुजला. समिती बसली. मी दाराबाहेर, तू आत, तुझ्या शेजारी तुझे पप्पा. त्या दाराची कडी बसत नव्हती, त्यामुळं आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. सरांनी विचारलं, हा मुलगा तुमच्यासाठी भांडला म्हणतात, ओळखता का तुम्ही ह्याला? आणि तू म्हणालीस, ओळखत नाही सर, वर्गात असेल. असेल! माफीनामा लिहून दिला असता तर मिटणार होतं, कागद माझ्या हातात होता. मी तो फाडला, आत जाऊन त्यांच्या टेबलावर टाकला आणि चालता झालो, तो परत पाऊल ठेवलं नाही. लोक म्हणतात सांडूचं डोकं गरम, त्यानं कॉलेज सोडलं. डोकं गरम आहेच माझं, त्याला मी नाय म्हणत नाही. पण त्या वर्गात मी होतो असं आता कुणीच म्हणत नव्हतं, मी नुसता ‘असेन’. तसल्या जागी बसून काय शिकणार होतो?

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. रडत होतीस. पप्पा समोर बसले होते रे, मी काय बोलणार होते, तूच सांग. मी येडा, मीच तुझी समजूत काढत बसलो. फोन ठेवताना तू हसलीससुद्धा.

तू डिग्री घेतलीस, ऑफिसात लागलीस, आणि वर्षाच्या आत मला बोलावून घेतलंस. इथं डिग्री विचारत नाहीत सांडू, हात विचारतात, असं म्हणाली होतीस. मला वाटलं, चुकीची भरपाई करतेय पोरगी. तुला खरं तर हातच पाहिजे होता, ते मला लई उशिरा कळलं. आईला सांगितलं की संभाजीनगरला नकाशावर विहिरी लावायचं काम मिळालं, तर ती म्हणाली, कुणाच्या वावरात? म्हटलं, आई, पाण्याच्या नाही, तेलाच्या, आणि वावर इथं नाही, परदेशात आहे. तिनं शेजारणींना सांगितलं, पोरगं गोडतेलाच्या कारखान्यात लागलं. गावात अजून तेच चाललंय. तुला हे सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. ते हसू चांगलं होतं. तुझी हसण्यांची पण वेगवेगळी खाती आहेत, ते पुढं कळलं.

तूच मला शिकवलंस, हे मी नाकारत नाही. आधी विहिरी नकाशात आणायच्या, त्या आपापल्या जागी बसल्या का बघायचं, मग रंग, मग ठिपक्याचा आकार, मग नाव. रंगावरून कळतं विहीर कशी आहे, आकारावरून कळतं किती तेल देते. ठिपक्यावर माऊस नेला की छोटी चौकट उघडते, तिच्यात काय दिसावं ते आपण ठरवायचं. पहिल्याच महिन्यात मी अक्षांश-रेखांशाचे आडवे-उभे आकडे उलटे भरले आणि मस्कतवाल्यांच्या सगळ्या विहिरी उचलून लाटविया नावाच्या देशात नेऊन ठेवल्या. असा एक देश आहे हे मला त्या दिवशी कळलं. जुनेद सर मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, सांडू मियाँ, इनके कुएँ बरफ में कायकू डाले? तेल जम जाएंगा ना! सगळी हसली. तू माझी खुर्ची सरकवलीस, अर्ध्या खुर्चीवर बसलीस आणि आकडे सुलटे करून दिलेस. तुझ्या कोपराचा धक्का मला दिवसभर लागत होता. त्या दिवसापासून कामाला मी असा जुंपलो की शेजारच्या टेबलावरची करुणा म्हणायची, ह्याला पगार नका देऊ, नुसती संस्कृतीची खुर्ची जवळ ठेवा.

सुट्टी झाली की आपण मुकुंदवाडी स्टेशनात येऊन बाकावर बसायचो. गाडी थांबायची, चार माणसं उतरायची, गाडी जायची. एकदा वेरूळला गेलो, माझ्या मित्राच्या गाडीवर. तू डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला. ऊन आहे म्हणालीस. स्टेशनातल्या बाकावरही तो स्कार्फ असायचाच, पण लेण्यांच्या आत गारवा होता तरी तो सुटला नाही. उसाचा रस घेतलास तोही स्कार्फ खालून वर करून. मला तेव्हा त्याचंही कौतुक. आता हिशोब लागतोय की ह्या शहरानं तुझा चेहरा माझ्यासोबत एकदाही बघितलेला नाही. कुणी विचारलंच तर तुला परत म्हणता आलं असतं, असेल कुणीतरी.

तुझ्या वाढदिवसाला मी तो नकाशा केला. सरावाच्या खात्यात, जेवणाच्या सुट्टीत, चोरून. त्याच्यात तेलाची विहीर एकही नव्हती. स्टेशनातला बाक, टीव्ही सेंटरचा तो चहावाला, वेरूळचं रसवंतीगृह, जिथं जिथं आपण बसलो तिथं तिथं एक ठिपका. तू जिथं जास्त हसलीस तिथला ठिपका मोठा. माऊस नेला की चौकटीत तू तिथं काय बोललीस ते. मी तुला तो दाखवला, तू कितीतरी वेळ बघत बसलीस, तुझे डोळे भरले होते. खोटं बोलत असेन तर जीभ झडो. आणि दुसऱ्या दिवशी मी आलो तर तुझ्या टेबलाभोवती सगळा कळप. तू एकेका ठिपक्यावर माऊस नेत होतीस आणि करुणा मोठ्यानं वाचत होती. मी दारात उभा. कुणीतरी म्हणालं, आला बघा विहीरवाला मजनू. जुनेद सरांनी चष्मा लावून पडद्यात डोकं घातलं आणि विचारलं, मियाँ, सब ठीक है, मगर इसमें तेल किधर है? सगळ्यात मोठ्यानं तू हसलीस. हे हसण्याचं दुसरं खातं. मी तुझ्याकडं बघत होतो आणि तू माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत होतीस.

बाहेर जिन्यात तुला गाठलं तर म्हणालीस, अरे करुणानं उघडा बघितला, मग मी काय करू, गंमत म्हणून मारून नेलं. बरं. पण महिनाभरात मस्कतच्या नकाशात तीच चौकट आली. विहिरीवर माऊस नेला की तिथल्या माणसानं लिहिलेली शेवटची नोंद, त्याच्याच शब्दांत. साहेब लोक खूश झाले. ही कल्पना कुणाची म्हणून विचारलं तर तू म्हणालीस, सहज सुचली सर. त्या सहज सुचण्यावर तू टीमची लीड झालीस. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, मला आनंदच झाला होता, तुझी शप्पथ. कुत्र्याला लाथ घातली तरी शेपूट हलवतं, त्यातली माझी गत.

लीड झालीस आणि तुझी भाषा बदलली. शिव्या दिल्या असत्यास तर मी समजून घेतलं असतं. तू मला मान द्यायला लागलीस. आधी ‘ऐक ना’ होतं, मग ‘ऐका ना’ झालं. माझ्या ‘तू’चं तू ‘तुम्ही’ केलंस, आणि ज्या दिवशी केलंस त्या दिवशी माझ्याकडं बघून जरासं हसलीस, वाईट वाटून घेऊ नका असं. एका ‘तुम्ही’नं माणूस किती लांब जातो हे तुला बरोबर माहीत होतं. मस्कत तर त्या मानानं जवळ आहे.

आणि मग तुझे पप्पा तुला न्यायला ऑफिसात आले. मी तुझ्या टेबलाजवळ उभा होतो, पळायला जागा नव्हती. समितीत मी कागद टाकून वळलो तेवढंच त्यांनी माझं तोंड पाहिलं होतं, ते विसरले असावेत, नावही. तू म्हणालीस, पप्पा, हे सांडूदादा, आमच्याकडं डेटा भरायचं काम करतात. दादा! आणि करतात! पप्पांनी हात पुढं केला, मोठ्या आपुलकीनं. कुठले तुम्ही? पिशोर? अरे वा, मग तर पाहुणेच निघाले की, माझी चुलत आत्या पिशोरलाच दिलेली, म्हणजे तू हिचा भाऊच लागतोस. तू मान हलवलीस. हो ना पप्पा, भाऊच. माझ्या हातात त्यांचा हात. मी म्हणालो, व्हय काका. तुला माहितीय ना आपल्याकडं त्या शब्दाचं काय वजन आहे? शहरात दुकानदाराला, रिक्षावाल्याला दादा म्हणतात, त्याला काही अर्थ नसतो. पण बापासमोर म्हटलेला दादा म्हणजे खुंटाच, एकदा ठोकला की हलत नाही. त्यानंतर तू मला एकदाही नुसतं सांडू म्हणाली नाहीस. एकटी असतानाही नाही. मी एकदा लिफ्टजवळ म्हटलं, संस्कृती, इथं कुणी नाही, आता तरी. तू म्हणालीस, सवय लागू द्या ना दादा, तुमच्यासाठीच बरं आहे. इतक्या गोड आवाजात मला आयुष्यात कुणी मारलं नाही.

आता कालचं सांगतो, शुक्रवारचं. हे नीट वाच, कारण इथून पुढं तुझं काम आहे.

सकाळी तू नकाशाच्या खालच्या कोपऱ्यातली तयार करणाऱ्यांची ओळ काढून परत लिहिलीस. आधी तिथं तुझं नाव होतं आणि त्याच्यापुढं माझं. नंतर फक्त तुझं राहिलं. मी विचारलं नाही. तूच सांगितलंस, दादा, साहेबांना एकच नाव लागतं हो, सोपं पडतं. मग जुनेद सरांनी मला बोलावून सोमवारचं माझं काम सांगितलं. दुपारी मेहमानांना गाडीत घालून वेरूळ दाखवून आणायचं, पाण्याच्या बाटल्या विसरायच्या नाहीत. ह्या विहिरी मी एकेक करून जागेवर बसवल्या, आणि माझ्याकडं बाटल्या. माझं रक्त तेव्हापासूनच उसळत होतं.

दुपारी तू खोलीच्या त्या टोकावरून, सगळ्यांच्या डोक्यावरून, मला विचारलंस, सांडूदादा, त्या राखाडी सगळ्या बंदच ना? मी मान वर केली नाही. मला त्यातलं फक्त ‘दादा’ ऐकू आलं. मी तुझ्याच सुरात ओरडलो, व्हय ताई, सगळ्या बंद! करुणा फिसकन हसली, तू ‘थँक्यू हं’ म्हणालीस आणि कामाला लागलीस. संपलं. रात्रभर तो दादा माझ्या कानात घण घालत होता. आज सकाळी आरशासमोर गालाला साबण लावून उभा होतो आणि परत तेच उगाळत होतो, कशी म्हणालीस, कुणासमोर म्हणालीस. जखम चाटायची सवय असते ना माणसाला. तर चाटता चाटता पहिल्यांदा त्या दादाच्या पुढचं ऐकू आलं. राखाडी. सगळ्या. बंद.

आपण टेबलावर मराठीत काम करतो म्हणून सोपे शब्द ठरवून घेतले होते. चालू, बंद आणि बुजवलेली. बंद म्हणजे सध्या थांबवलेली, पाहिजे तेव्हा परत सुरू करता येते, तिला पिवळा रंग. बुजवलेली म्हणजे आत सिमेंट ओतून कायमची संपवलेली, तिला राखाडी. गुरुवारी साहेबांकडनं नवी यादी आली, तिच्यात त्यांनी खुणांची अक्षरं बदललेली होती. नकाशाला अक्षर ओळखू आलं नाही की तो स्वतःच्या मनानं राखाडी रंग देतो, हे तूच मला शिकवलं होतंस. म्हणजे शुक्रवारी पडद्यावरच्या राखाडीत नुसत्या थांबवलेल्या होत्या आणि खऱ्याखुऱ्या बुजवलेल्याही होत्या, एकमेकींत मिसळून. यादी मी चढवली होती, मला ते माहीत होतं. तू विचारत होतीस की ह्या सगळ्या पिवळ्या करून टाकू का. आणि मी, सगळं गाव कुठल्याही विहिरीला ‘बंद पडली’ म्हणतं तसल्या अर्थानं, किंवा कसल्याच अर्थानं नाही, नुसता तुला ‘ताई’ म्हणून टोचायला, ओरडलो, व्हय. तू सगळ्या एकदम निवडल्यास आणि पिवळ्या केल्यास. मग पक्कं करून टाकलंस.

काल मी हे मुद्दाम केलं नाही. काल ती चूक होती. आज सकाळपासून ती चूक राहिलेली नाही.

कारण मी आज सकाळी साबण पुसला, फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि फोन पालथा ठेवला. तुला तो नकाशा कशासाठी पाहिजे ते मला माहीत आहे. साहेब लोक येतायत ते एवढंच बघायला की थांबवलेल्या विहिरींतल्या कुठल्या परत सुरू करण्यासारख्या आहेत. तू बाकीचे रंग झाकशील, पडदाभर पिवळे ठिपके पेटतील, साहेबांना वाटायच्या आधी तुला स्वतःलाच वाटेल की एवढ्या! आणि तू एकेकीचं नाव घेत जाशील, ही सुरू करता येईल, ही पण, ही तर लगेच. जुनेद सर म्हणत होते की येणाऱ्यांत एक म्हातारा साहेब आहे, ज्यानं त्या भागातल्या कितीतरी विहिरी स्वतः उभं राहून सिमेंटनं बुजवून घेतल्यात. तो तुझ्याकडं बघत बसेल. घरातला माणूस पुरून आलेल्याला विचारावं की त्यांना जेवायला उठवू का, तसं तू त्याला विचारत असशील, हसतमुखानं, मागं केस बांधून. कुणी आवाज चढवणार नाही, ते लोक चढवत नाहीत. एकजण माऊस मागून घेईल. एका ठिपक्यावर नेईल. चौकट उघडेल आणि तिच्यात तिथल्या माणसाच्या शब्दांत शेवटची नोंद असेल की सिमेंट भरून काम संपवलं. मग दुसऱ्या ठिपक्यावर नेईल. खाली कोपऱ्यात एकच नाव. साहेबांना सोपं पडेल.

हे दुरुस्त करायला फार लागत नाही. उद्या तू ऑफिसात येऊन यादी परत चढवलीस, नव्या अक्षरांना आपले रंग जोडलेस, की कपातला चहा गार व्हायच्या आत नकाशा ठीक होतो. मी फोन केला तर तू उद्या येशील, ‘थँक्यू हं दादा’ म्हणशील, आणि पुढच्या महिन्यात मस्कतला जाशील. म्हणून मी हे पत्र लिहिलंय. कागदावर, पाकिटात, तिकीट लावून. खाली उतरून पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे. आजचं टपाल काढून नेलंय, मी बघून आलो. उद्या रविवार. सोमवारी पेटी उघडतील तेव्हा तू पडद्यासमोर उभी असशील, आणि सिडकोत तुझ्या दारात हे पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल आणि तू घरीच असशील. तुला वाचवायला हे लिहिलेलं नाही. मला माहीत होतं, हे तुला माहीत व्हावं, एवढ्यासाठी लिहिलंय. नाहीतर तू आपली नशिबाला बोल लावशील, साहेबांना लावशील, आणि माझा त्यात कुठं पत्ताच नसेल. आता असेल. उठता बसता असेल. माझ्यावर थुंक, पप्पांना घेऊन ये, जुनेद सरांना हा कागद दाखवून मला हाकलून दे, मी हू का चू करणार नाही. पण जे करशील ते इथं कर, ह्या गावात. मस्कतला जाऊन विसरलीस तर मी मरेन, आणि मला मरायचं नाही. तू माझा द्वेष कर, संस्कृती. जवळ राहून कर.

तुझाच, तुला नको असलो तरी,
सांडू